साडेतीनशे ग्रॅम

मे महिन्यात मिरजेत गाडीचं स्टिअरिंग
फडक्याशिवाय धरवत नाही.
एसी लावला की आधी धुळीचा वास,
मग कुणी तोंडावर उसासा टाकावा तशी हवा.

भूपाल चौगुलेनं फोनवर अठराशे सांगितले.
भाचा म्हणाला, मामू, सातशेत डबा येतो,
नळी, काटा, सगळं सोबत.
व्हिडिओत एक जण लुंगीवर भरतोय.

पत्र्याच्या शेडखाली बॉनेट उघडलं.
जाड पाइप कमी दाबाचा, बारीक जास्त दाबाचा,
बारक्याला लावलं तर डबा फुटतो:
एवढं तीनदा मोठ्यानं म्हणून घेतलं.
चष्म्यावर बायकोचा गॉगल चढवला.
काटा हिरव्यात गेला. मी आणखी थोडा सोडला,
पाहुणा नको म्हणत असताना वाढतात तसा.
नळी काढताना फुस्स झालं
आणि डाव्या तर्जनीचं टोक पांढरं पडलं,
मेणासारखं.

त्या बोटावर माझं घर चालतं.
तीस वर्षं सतारीच्या घोडीवर जवारी काढतोय.
कानस उजव्या हातात,
पण किती घासलं ते डावी तर्जनी सांगते.
केसाएवढा उतार. डोळ्याला दिसत नाही.

तरी तीन दिवस गार होते.
जयसिंगपूरच्या रस्त्याला काचा वर,
शमीम ओढणी गळ्याभोवती गुंडाळून,
"बास करा आता, दात वाजायला लागले."
मी बास करीना.

चौथ्या दिवशी अंकलीच्या पुलावर
बॉनेटखाली टक. टक. टक.
कॉम्प्रेसर धरतोय, सोडतोय.
काचा खाली. कृष्णेवरनं भट्टीचा वारा.
शमीम काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

भूपालनं दोन काटे लावले, डोळे बारीक केले.
"काका, किती भरलं?"
हिरव्यापर्यंत.
"हिरवं हा काय आकडा झाला व्हय?"
टॉर्च मारून त्यानं कंडेन्सरच्या सांध्यावर
तेलकट डाग दाखवला, शेंगदाण्याएवढा.
"ग्यास वापरून संपत न्हाई, काका. गळतोय.
तुम्ही भोकाला पाणी पाजत बसलाय."

एक काळी रबरी रिंग, दहा रुपयांची.
मग पंप लावून अर्धा तास त्यानं पाइप रिते केले,
हवा, ओल, माझा अंदाज, सगळं बाहेर.
पंप बंद करून काटा हलतोय का ते बघत
आपला चहा पार निवू दिला.
मग सिलिंडर वजनकाट्यावर.
साडेतीनशे ग्रॅम. तिथं व्हॉल्व्ह बंद.

मला इस्लामपूरचा सुजय आठवला.
घरीच सँडपेपरनं घोडी घासून आलेला.
मी त्याला दुकानाच्या पायरीवरच झाडला,
"स्वतःची दाढ स्वतः उपटतोस का रे?"
तीन गिऱ्हाईकं हसली.
तो परत आला नाही.

भूपाल मला तसं बोलला नाही.
बोट बघितलं, आपला अंगठा पुढं केला.
तिथंही तसाच चट्टा होता, जुना.

बिल बावीसशे. डब्याचे सातशे वेगळे.
शमीमला दोन्ही आकडे सांगितलेले नाहीत.
पंधरा दिवस बोट बहिरं होतं,
घोड्या तशाच पडून, गिऱ्हाईकांना थापा.

आता गाडी चोख गार होते, मोजून.
पण भूपालला कळू देऊ नका,
त्या तीन दिवसांचा गारवा वेगळा होता.
चुकीचा, जास्तीचा, गळका,
माझ्या हातचा.
घासलेल्या घोडीवर सुजयनं पहिली तार छेडली
तेव्हा ती फाटक्या पत्र्यासारखी बोलली असणार.
तरी घटकाभर त्याला गोडच लागली असेल.

वहीत त्याचा नंबर आहे.
शेवटचा आकडा एक की सात, कळत नाही.
दोन्ही लावून बघतो.